बिल वाढते ते उष्णतेमुळे!

महिन्याचे वीजबिल आले की बहुतेक घरांत तोच संवाद होतो. ‘बाथरूमचा दिवा कोण चालू ठेवतं?’, ‘चार्जर दिवसभर प्लगलाच असतो!’ मुलांना दटावले जाते आणि चार दिवस दिवे वेळेवर मालवले जातात. पुढच्या महिन्याचे बिल मात्र जवळपास तेवढेच येते आणि ‘बचत करून काही फरक पडत नाही’ असे सगळे म्हणू लागतात.

बचतीची इच्छा खरी असते, पण ती चुकीच्या ठिकाणी खर्ची पडते. घरातली सर्वांत जास्त ऊर्जा दोन कामांना लागते: काहीतरी तापवणे आणि काहीतरी थंड करणे. गीझर, इस्त्री, गॅसची शेगडी, एसी, फ्रिज ही सगळी उष्णतेशी खेळणारी उपकरणे आहेत. या उष्णतेचा हिशेब समजला, की कमी कष्टांत पैसे वाचतात आणि पर्यावरणावरचा भारही हलका होतो.

एका युनिटचा अर्थ

१००० वॉटचे उपकरण एक तास चालले, की मीटरवर एक युनिट पडते. ९ वॉटचा एलईडी दिवा एक युनिट जाळायला सुमारे १११ तास घेतो. २००० वॉटचा गीझर तेच काम अर्ध्या तासात करतो. म्हणजे गीझर वीस मिनिटे जास्त चालू राहिला, तर तेवढ्या विजेत एक एलईडी दिवा तीन दिवस आणि तीन रात्री अखंड जळला असता. मोबाइलचा रिकामा चार्जर तर महिनाभर प्लगला राहिला तरी मीटरवर जेमतेम दिसतो. दिवे मालवण्याची सवय चांगलीच आहे, पण बिल कमी करायचे तर सुरुवात गीझरपासून करावी लागते.

यात दरांच्या टप्प्यांचाही भाग आहे. महावितरणच्या घरगुती दरात १००, ३०० आणि ५०० युनिटांवर टप्पे बदलतात. पहिल्या टप्प्यापेक्षा दुसऱ्यातला दर जवळजवळ दुप्पट असतो. १०१वे युनिट पडले की सगळ्याच युनिटांना वाढीव दर लागतो, हा गैरसमज आहे. वाढीव दर फक्त वरच्या युनिटांना लागतो. याचा फायदा असा, की वाचवलेले प्रत्येक युनिट हे आपल्या बिलातले सर्वांत महाग युनिट असते.

बादली की शॉवर?

पाणी तापायला फार उष्णता लागते. २० लिटरची बादली २५ अंशांवरून ४२ अंशांपर्यंत तापवायला सुमारे ०.४ युनिट वीज लागते. मिनिटाला ८ लिटर पाणी सोडणारा शॉवर पाच मिनिटे चालला, तर ४० लिटर पाणी जाते आणि वीज दुप्पट लागते. चार माणसांच्या घरात हा फरक दिवसाला १.६ आणि महिन्याला ४८ युनिटांचा होतो. शिवाय रोज ८० लिटर पाणी वाचते, ते वेगळेच.

दुसरी सवय वेळेची. अंघोळी एकामागोमाग उरकल्या, तर गीझर एकदाच तापतो. सकाळी सहाला एक, आठला दुसरी आणि दहाला तिसरी अंघोळ असेल आणि गीझर चालूच ठेवला, तर टाकीतून निसटणारी उष्णता भरून काढायला तो पुन्हा पुन्हा वीज घेत राहतो. बोअरवेलच्या जड पाण्यामुळे गीझरच्या कॉइलवर क्षारांचा थर बसतो आणि पाणी तापायला वेळ लागू लागतो. अशा भागात त्याची वेळोवेळी सफाई करून घेणे फायद्याचे ठरते.

वीज वाचवण्यासाठी अनेक घरांत गॅस गीझर बसवला जातो. तो स्वस्त पडत असला, तरी बंद बाथरूममध्ये जिवावर बेतू शकतो. हवा अपुरी पडली की गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नसतो, वास नसतो. डोके जड होऊन माणूस बेशुद्ध पडतो आणि तोवर दार उघडण्याची ताकदही उरत नाही. म्हणून गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेतच हवा.

उकळी फुटल्यावर गॅस बारीक

स्वयंपाकघरातली सर्वांत सोपी बचत विज्ञानाच्या एका साध्या नियमावर उभी आहे. उघड्या भांड्यातले पाणी उकळू लागले, की त्याचे तापमान साधारण १०० अंशांवर थांबते. त्यानंतर गॅस कितीही मोठा ठेवला, तरी पाणी जास्त गरम होत नाही आणि डाळ लवकर शिजत नाही. वाढतो तो फक्त वाफ होण्याचा वेग. ही वाफ फार महाग पडते. एक लिटर पाणी ३० अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या साडेसात पटींहून अधिक उष्णता त्याच पाण्याची पूर्ण वाफ व्हायला लागते.

शेगडीची सुमारे ६० टक्के उष्णता भांड्यात जाते असे धरले, तर पाव लिटर पाणी वाफ होऊन उडून जाताना साधारण २० ग्रॅम गॅस घेऊन जाते. झाकण न ठेवता दिवसातून दोनदा असे झाले, तर महिन्याला सव्वा किलोच्या आसपास गॅस वाया जातो. १४.२ किलोच्या सिलिंडरचा हा जवळजवळ बारावा हिस्सा आहे. उपाय दोनच: भांड्यावर झाकण आणि उकळी फुटल्यावर गॅस बारीक.

कुकरमध्ये वाफ कोंडली गेल्याने दाब वाढतो आणि पाणी १२० अंशांच्या आसपास उकळते. त्यामुळे अन्न लवकर शिजते. शिट्टी म्हणजे जादा वाफ बाहेर पडत असल्याची खूण. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करायचा आणि पुढे शिट्ट्या न मोजता मिनिटे मोजायची. गॅस बंद केल्यावरही आतले अन्न काही वेळ शिजतच असते. म्हणून वाफ चमच्याने काढून न टाकता कुकर आपोआप उतरू द्यावा. पूर्वीच्या चुलीला वैल असे. मुख्य चुलीची उरलेली धग वैलावरच्या भांड्याला मिळे आणि त्यावर दूध किंवा आमटी निवांत तापत राही. उतरत्या कुकरमागचा विचारही तोच आहे.

डाळी आणि कडधान्ये आधी भिजवली की शिजण्याचा वेळ बराच कमी होतो. पचायलाही ती हलकी पडतात, कारण पोटात गॅस करणारी काही द्रव्ये भिजवलेल्या पाण्यात उतरतात. ते पाणी ओतून टाकून ताजे पाणी घ्यावे. राजम्याच्या बाबतीत मात्र गॅस वाचवण्याच्या नादात कसूर नको. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या राजम्यातील लेक्टिन नावाच्या प्रथिनामुळे उलट्या-जुलाब होऊ शकतात. तो रात्रभर भिजवून कुकरमध्ये मऊ होईपर्यंत शिजवायलाच हवा.

ज्योतीच्या रंगाकडेही लक्ष हवे. ती निळी असेल तर गॅस नीट जळतो आहे. पिवळी ज्योत आणि भांड्याच्या बुडाला काजळी म्हणजे बर्नर साफ करायची वेळ झाली. अशा ज्योतीत गॅस वाया जातो आणि स्वयंपाकघरातली हवाही बिघडते. ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर येत असेल, तर तेवढी उष्णता भांड्याऐवजी स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला भाजत असते.

पंखा, कूलर आणि एसी

पंखा खोली थंड करत नाही. तो अंगावरचा घाम वाळवतो आणि त्यामुळे गार वाटते. म्हणून रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा निव्वळ वाया असतो. जुना पंखा साधारण ७५ वॉट घेतो, तर नवा बीएलडीसी पंखा ३० वॉटच्या आसपास. रोज बारा तास चालणाऱ्या पंख्यामागे महिन्याला सुमारे १६ युनिटे वाचतात. अशा पंख्यासाठी समजा १५०० रुपये जास्त मोजले आणि युनिटचा दर १० रुपये धरला, तर नऊ-दहा महिन्यांच्या वापरात ते वसूल होतात. सगळे पंखे एकदम बदलण्याची गरज नाही. जो सर्वांत जास्त वेळ चालतो, तो आधी बदलावा.

विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर हे उत्तम साधन आहे. पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता शोषली जाते. जी वाफ स्वयंपाकघरात गॅस खाते, तीच इथे खोली थंड करते. दीड टनाच्या एसीला सुमारे दीड हजार वॉट लागतात. घरगुती कूलरचे काम साधारण दोनशे वॉटमध्ये होते. मात्र दमट हवा बाहेर जायला खिडकी थोडी उघडी हवी. मुंबई-कोकणात हवा मुळातच दमट असल्याने कूलरचा उपयोग होत नाही. आणि कूलर कुठेही असो, आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून, घासून, कोरडी केलीच पाहिजे. डेंग्यूचा एडिस डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो.

एसी असेल तर २४ अंश हे चांगले मध्यम तापमान आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या नियमानुसार २०२० पासून स्टार लेबलचे घरगुती एसी २४ अंशांवरच सुरू होतात. तापमान एका अंशाने वाढवले, की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ब्युरो सांगतो. १८ अंशांवर ठेवल्याने खोली लवकर थंड होते, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात साधा एसी तेवढ्याच वेगाने काम करतो. तो फक्त उशिरा थांबतो. २६ अंशांवर एसी आणि सोबत मंद पंखा, हा अनेकांना मानवणारा मेळ आहे. फिल्टर पंधरा दिवसांनी धुतला, तर वीजही वाचते आणि धूळही कमी होते.

इथे बचत नको

काही बचती महागात पडतात. रात्री फ्रिज बंद ठेवणे ही त्यातली पहिली. आतले तापमान राखण्यासाठी कॉम्प्रेसर स्वतःच चालू-बंद होत असतो. रात्रभर बंद ठेवलेला फ्रिज सकाळी पुन्हा थंड व्हायला जास्त वेळ चालतो आणि मधल्या काळात दूध, भात, मांसाहारी पदार्थ यांत जंतू वाढतात. आतले तापमान ५ अंशांच्या खाली राहायला हवे. बचत करायची तर फ्रिजच्या मागे हवा खेळायला जागा ठेवावी आणि दाराचे रबर तपासावे. दारात कागद धरून दार लावा. कागद सहज निघून आला, तर थंडावाही तिथूनच निसटतो आहे.

दुसरी घातक बचत म्हणजे उष्णतेच्या लाटेत ज्येष्ठांनी बिलाच्या भीतीने पंखा-कूलर बंद ठेवणे. वय वाढते तशी शरीराची घाम काढण्याची आणि तहान ओळखण्याची क्षमता कमी होते, त्यामुळे उष्माघाताचा धोका वाढतो. पारा ४० अंशांच्या वर गेला, तर नुसता पंखाही पुरत नाही. गरम हवा अंगावर आदळून शरीर उलट तापते. तेव्हा कूलर, ओला पंचा, सावली आणि पाणी यांत काटकसर नको. दुपारी उन्हाच्या बाजूचे पडदे ओढून घेणे आणि रात्री खिडक्या उघडणे, या फुकटच्या उपायांनी खोली बरीच सुसह्य होते.

एक महिना, एक वही

उरलेली बचत लहान लहान आहे, पण सोपी आहे. वॉशिंग मशिनमध्ये पाणी तापवायलाच सर्वांत जास्त वीज लागते. रोजचे कपडे साध्या पाण्यात स्वच्छ निघतात. गरम पाणी आजारी माणसाच्या कपड्यांसाठी आणि चादरींसाठी ठेवावे. इस्त्री रोज एका शर्टासाठी तापवण्यापेक्षा आठवड्याचे कपडे एकदम उरकावेत. रिमोटने बंद केलेला सेट-टॉप बॉक्स अनेकदा वीज घेतच राहतो. तो १० वॉट घेतो असे धरले, तरी महिन्याला ७ युनिटे होतात. रात्री भिंतीवरचे बटण बंद केले की त्यातली बरीच वाचतात.

यातली कोणती सवय आपल्या घरात लागू पडेल, हे मीटरच सांगू शकतो. एका वहीत रोज ठरावीक वेळी मीटरचा आकडा लिहावा. हे काम घरातल्या मुलांवर सोपवले तर ती आनंदाने करतात. पहिला आठवडा काहीही न बदलता फक्त नोंद. दुसऱ्या आठवड्यात एकच सवय बदलायची, जसे शॉवरऐवजी बादली. तिसऱ्यात दुसरी. कोणत्या सवयीने किती युनिटे वाचली, ते वहीतच दिसते. नव्या सिलिंडरची तारीखही त्याच वहीत लिहावी.

देशात आजही बरीचशी वीज कोळशावर तयार होते. एका युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे बादलीने अंघोळ करणारे चौघांचे कुटुंब महिन्याला ४८ युनिटांसोबत तेहतीस-चौतीस किलो कार्बन डायऑक्साइडही वाचवते. त्यासाठी नवे उपकरण लागत नाही. घरात असलेली बादली पुरते.