शेजारची शाळा

सकाळी सातच्या सुमाराला पिंपळे गुरवच्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी गर्दी उसळते. चाकणला निघालेली कंपनीची बस, शाळांच्या पिवळ्या व्हॅन, भाजीचा टेम्पो. गेल्या वर्षीपर्यंत त्या गर्दीतून वाट काढत आमच्या शेजारच्या वहिनी आठ वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन रिक्षापर्यंत यायच्या. मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. त्याची विशेष शाळा रिक्षाने पाऊण तासावर. घरापासून तीनशे पावलांवर मात्र एक साधी शाळा आहे, तिची घंटा आमच्या गॅलरीत ऐकू येते. तापबीप आला म्हणून घरी राहिला, की हा मुलगा गॅलरीचे गज धरून उभा राहायचा आणि लाउडस्पीकरवरून येणारी प्रतिज्ञा म्हणायचा. शब्द अडखळत निघायचे, त्यामुळे शाळेची प्रतिज्ञा संपली तरी त्याची चालूच असायची.

त्या शाळेत वहिनी दोनदा जाऊन आल्या होत्या. दुसऱ्या खेपेला मी सोबत होते. कोणी वाकडं बोललं नाही, पाणी दिलं, बसायला खुर्ची दिली. ‘आमच्याकडे तशी सोय नाही हो, तुमच्याच मुलाचे हाल होतील,’ एवढंच सांगितलं. परतताना वहिनी म्हणाल्या, ‘त्यांचंही खरंच आहे ना.’ त्या नकारापेक्षा हे वाक्य मला जास्त लागलं.

कारण कायद्याच्या दृष्टीने त्यांचं खरं नव्हतं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली संमत झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १९९५च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, या कायद्यात ते २१ झाले. शासनाचं अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी भेदभाव न करता या मुलांना प्रवेश द्यावा, इमारत त्यांना वापरता येईल अशी करावी, लागेल ती मदत पुरवावी, असं कलम १६ सांगतं. नुसती मान्यता असली तरी पुरे, त्यामुळे खासगी शाळाही यात आल्या. कलम ३१ तर सहा ते अठरा वर्षांच्या, ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क देतं, शेजारच्या शाळेत किंवा विशेष शाळेत. कुठे जायचं ते मुलाने ठरवायचं, शाळेने नाही. शिक्षण हक्क कायद्यात २०१२ साली दुरुस्ती होऊन ही मुलं ‘वंचित घटका’त आली, त्यामुळे खासगी शाळांतल्या २५ टक्के राखीव जागाही त्यांना खुल्या आहेत. हे सगळं वहिनींना कोणीच सांगितलेलं नव्हतं.

कागदावर आपण कधी मागे नव्हतो. दिव्यांग मुलांना साध्या शाळेत शिकवण्याची केंद्र सरकारची पहिली योजना १९७४ सालची. सर्वसमावेशक शिक्षणाचा जाहीरनामा स्पेनमधल्या सालामांका इथे निघाला तो १९९४ साली, म्हणजे आपल्यानंतर वीस वर्षांनी. तरीही युनेस्कोने मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या मदतीने २०१९ साली काढलेल्या अहवालात काय दिसलं? पाच वर्षांच्या दिव्यांग मुलांपैकी तीन चतुर्थांश मुलं कुठल्याच शाळेत जात नाहीत. पाच ते एकोणीस वयोगटात न जाणारी एक चतुर्थांश. पाचव्या वर्षी जे मूल दारातून आत आलं नाही, त्याला पुढे आणायला किती कष्ट पडतात, हे कुठल्याही पहिलीच्या बाईंना विचारा.

विशेष शाळांवर माझा राग नाही. ज्या काळात साध्या शाळेचं दार या मुलांना बंदच होतं, त्या काळात काही माणसांनी त्यांच्यासाठी वेगळं दार बांधलं. कर्णबधिर मुलांची शाळा मुंबईत माझगावला १८८५ साली निघाली. मतिमंद मुलांसाठी पुण्यात सिंधूताई जोगळेकरांनी १९६४ साली ‘कामायनी’ सुरू केली. मुंबईत मिठू अलूर यांनी १९७२ साली सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी शाळा काढली, ती स्वतःच्या लेकीच्या, मालिनीच्या, शिक्षणाच्या ओढीतून. तीच मालिनी चिब पुढे सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकली आणि अलूर स्वतः सर्वसमावेशक शिक्षणाच्या खंद्या पुरस्कर्त्या झाल्या. या शाळांनी कमावलेलं ज्ञान मोलाचं आहे. कर्णबधिर मुलांच्या बाबतीत तर मी आणखी सावध आहे: चाळीस बोलणाऱ्या मुलांत खुणांची भाषा येणारं दुसरं कोणीच नसेल, तर त्या एका मुलासाठी तो वर्ग भरलेला असूनही रिकामाच. त्याला त्याची भाषा बोलणारे सोबती मिळालेच पाहिजेत.

माझं म्हणणं एवढंच, की ते ज्ञान मुलाकडे चालत यावं, मुलाने त्यासाठी शहर ओलांडू नये. आपल्याकडे नेमकं उलटं आहे, आणि त्याचं एक कारण कार्यालयांच्या पाट्यांवरच दिसतं. साध्या शाळा शालेय शिक्षण विभागाकडे. विशेष शाळा आधी सामाजिक न्याय विभागाकडे, आणि डिसेंबर २०२२ मध्ये वेगळा दिव्यांग कल्याण विभाग झाल्यापासून त्याच्याकडे. वेगळा विभाग झाला हे चांगलंच. पण या मुलांना कसं शिकवायचं हे जाणणारे शिक्षक एका विभागात आणि शाळेबाहेर राहिलेल्या मुलांची जबाबदारी दुसऱ्या विभागात, ही फाळणी तशीच राहिली.

यावर उतारा एकच, विशेष शिक्षक. त्याच्यासाठीची लढाई सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. रजनीश कुमार पांडे खटल्यात २८ ऑक्टोबर २०२१ रोजी न्यायालयाने प्रमाण सांगितलं: प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक, त्यापुढच्या इयत्तांना पंधरांमागे एक. महाराष्ट्राने २०२४ साली विशेष शिक्षकांची ४,८६० पदं निर्माण केली. वर्षानुवर्षं कंत्राटावर राबलेल्या शिक्षकांना त्याने आधार मिळाला, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. पण हा आकडा आला कुठून? राज्यात शाळांची केंद्रं साधारण तेवढी आहेत म्हणून. केंद्रामागे एक शिक्षक, आणि एका केंद्राखाली दहा-पंधरा शाळा. म्हणजे एका शाळेच्या वाट्याला पंधरवड्यातून एखादा दिवस. हिशेब मुलं मोजून झालेला नाही, केंद्रं मोजून झालेला आहे.

इटलीने १९७७ साली कायद्याने वेगळे वर्ग बंद केले, तेव्हा सोबत दोन गोष्टी केल्या. दिव्यांग मूल असलेल्या वर्गाची पटसंख्या वीसवर आणली आणि त्याच वर्गात आधाराला दुसरा शिक्षक दिला. तो शिक्षक एका मुलाचा नव्हे, साऱ्या वर्गाचा. आपल्या शिक्षकांची तक्रार, ‘पन्नास पोरांत याच्याकडे कधी बघू?’, मला कधीच खोटी वाटली नाही. तिचं उत्तर शिक्षकाला संवेदनशीलतेचं व्याख्यान देऊन मिळत नाही. हाताखाली दुसरं माणूस द्यावं लागतं.

आमच्या पिंपरी-चिंचवडला हे अशक्य आहे असं कोणी म्हणू नये. शहरात महापालिकेच्या स्वतःच्या शंभराच्या आसपास प्राथमिक शाळा आहेत. मोरवाडीत दिव्यांग भवन उभं राहिलं आहे. जानेवारी २०२५ मध्ये चिंचवडला ‘पर्पल जल्लोष’ हा दिव्यांगांचा महोत्सव थाटाने झाला. स्थानिक स्वराज्य संस्थांनी ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवावा असा शासनाचा आदेशच आहे. त्या निधीतून पेन्शन मिळते, उपकरणं मिळतात, ती हवीतच. त्याच पैशातून पालिकेच्या प्रत्येक शाळेत रोज येणारा एक विशेष शिक्षक का नेमू नये? हे कामगारांचं गाव आहे. मराठवाड्यातून, विदर्भातून आलेल्या घरांत आजी-आजोबा गावाकडे, नवरा शिफ्टला. मुलाला शाळेत ने-आण करायची तर आई घरी बसते. वहिनी भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये पॅकिंगला होत्या, ते काम त्यांनी याचसाठी सोडलं.

या जूनमध्ये त्याला घराजवळच्या दुसऱ्या एका शाळेत प्रवेश मिळाला. मुख्याध्यापकांनी पहिल्याच आठवड्यात त्याचा वर्ग वरच्या मजल्यावरून खाली आणला. खर्च शून्य, दोन वर्गांची अदलाबदल. विशेष शिक्षिका आठवड्यातून एकदा, गुरुवारी येतात. त्यांचं काम मी एक दिवस मागे बसून पाहिलं. त्यांनी सायकलच्या हँडलची रबरी मूठ कापून पेन्सिलीवर चढवली, म्हणजे त्याच्या बोटांना पकड मिळते. पाटी बाकाला चिकटपट्टीने डकवली, म्हणजे ती घसरत नाही. मग वर्गाला एक नियम घातला: तो उत्तर द्यायला लागला, की सगळ्यांनी मनात दहा आकडे मोजायचे, मध्ये कोणी बोलायचं नाही. पाढ्यांचा तास होता. सात आठे किती, असं बाईंनी विचारलं. चाळीस मुलं ओठ मिटून बसली. काहींची बोटं मांडीवर हलत होती, मोजत होती. नवव्या आकड्याला उत्तर आलं. शेजारच्या मुलाने लगेच त्याच्या पाटीवर ते बरोबर लिहिलंय का ते वाकून पाहिलं आणि स्वतःचं चुकलेलं पुसलं.

बाकीचे पाच दिवस वहिनी शाळेच्या व्हरांड्यात बसून असतात, कधी पेन्सिल पडली तर, कधी लघवीला न्यायचं असलं तर. गुरुवारी त्या येत नाहीत. भोसरीच्या त्याच वर्कशॉपमध्ये त्यांनी विचारून पाहिलं आहे, आठवड्यातून एक दिवस काम मिळेल का.