वीस स्नोड्रॉप, पण 'एन' किती?

गेल्या आठवड्यात दोघातिघांनी एकच प्रश्न विचारला, "सॅम्पल साइज किती घेऊ?" उत्तराआधी एका बागेची गोष्ट सांगते, कारण याच प्रश्नापायी माझं आठ महिन्यांचं काम पाण्यात गेलंय.

मी इंग्लंडमध्ये पीएचडी करते. माझ्या घरमालकीणबाईंच्या बागेत स्नोड्रॉपचे ताटवे आहेत. जानेवारी-फेब्रुवारीत बाकी झाडं उघडीबोडकी असताना ही पांढरी फुलं मान खाली घालून उमलतात. बाहेर तीन मोठ्या पाकळ्या, आत तीन छोट्या, त्यांच्यावर हिरवी खूण. वनस्पती कांदा-लसणाच्या कुळातलीच. कंद कापला की तसेच पापुद्रे दिसतात.

गॅलँथस हे तिचं शास्त्रीय नाव. स्पीशीज साधारण २०, पण नावं दिलेले वाण शेकड्यांनी. नादिष्ट लोक इतके, की २०१५ साली 'गोल्डन फ्लीस' या वाणाचा एक कंद १,३९० पौंडांना विकला गेला! फुलं सगळी सारखीच वाटतात, म्हणून स्पीशीज ओळखताना पानं कोंबातून कशी बाहेर येतात ते बघतात. निव्हालिसमध्ये दोन पानं हात जोडल्यासारखी सपाट चिकटलेली असतात, एल्वेसीमध्ये एक पान दुसऱ्याला गुंडाळून घेतं, तर प्लिकाटसमध्ये पानांच्या कडा मागे दुमडलेल्या असतात. उंचीवर विसंबू नका. ती माती आणि सावलीप्रमाणे बदलते.

आता लागवड. बी पेरलं तर फूल यायला तीन-चार वर्षं सहज जातात आणि रोप आईसारखंच निघेल याची खात्री नाही. म्हणून वाण टिकवायचा तर कंदाशेजारी येणारे पिल्लू-कंद वेगळे करतात. तेही फुलं सरल्यावर, पानं हिरवी असतानाच, कारण कोरडे कंद लवकर सुकतात. घाई असेल तर सुप्तावस्थेतल्या कंदाच्या उभ्या फोडी करतात. प्रत्येक फोडीला तळाच्या चकतीचा तुकडा हवाच. नवे कंद तिथूनच फुटतात. थोडक्यात, एका वाणाचे सगळे कंद म्हणजे एकच क्लोन.

माझी चूक इथेच झाली. पहिल्या हिवाळ्यात मी हौसेने नोंदी ठेवल्या. स्वयंपाकघराच्या भिंतीलगत 'एस. आर्नॉट'ची २० झाडं, झाडाखाली 'फ्लोरे प्लेनो'ची २०. पहिला ताटवा नऊ दिवस आधी फुलला. मी ऐटीत जाहीर केलं, "एस. आर्नॉट लवकर फुलतो." बाई हसल्या. म्हणाल्या, "अगं, ती भिंत दक्षिणेकडची, उबदार आहे. आणि ती वीसच्या वीस एकाच कंदाची पोरं आहेत."

मी गप्प. कारण दुसऱ्याच क्षणी लॅबमधली माझी ३० रोपं आठवली. एकाच रोपाच्या छाट कलमांची, एकाच ट्रेमध्ये वाढलेली. आणि मी निष्कर्ष लिहीत होते अख्ख्या स्पीशीजबद्दल!

यात दोन वेगळ्या चुका आहेत. पहिली, वाण आणि जागा एकत्र गुंतले. फरक कशामुळे पडला ते सांगताच येत नाही. उपाय म्हणजे दोन्ही वाणांचे कंद चिठ्ठ्या टाकून भिंतीलगत आणि झाडाखाली, दोन्हीकडे विखरून लावायचे. दुसरी चूक, पुनरावृत्तीचा आभास. प्रश्न फक्त या दोन वाणांचा असेल, तर क्लोन चालतात, पण ते स्वतंत्र जागी हवेत. प्रश्न स्पीशीजचा असेल, तर वेगवेगळ्या बियांतून आलेली रोपं पाहिजेत. नाहीतर २० झाडं मोजूनही 'एन' एकच राहतो.

तेव्हा "किती घेऊ?" याआधी "माझा निष्कर्ष नेमका कुणाबद्दल आहे?" हे विचारा. प्रपोजलमध्ये प्रत्येक नमुना कुठून आला आणि कुठे वाढला, असे दोन रकाने आजच घाला. मी ते आठ महिने उशिरा घातले.