बुजऱ्या मुलांच्या लेखनात ध्वनीचा उपयोग



चौथी-पाचवीच्या निबंधवह्या तपासताना 'मला फार लाज वाटली', 'मी खूप घाबरलो' अशी वाक्ये आपणांस वारंवार आढळत असतील. ती अशुद्ध नाहीत. परंतु त्यांतून लिहिणारे मूल दिसत नाही. संकोच प्रथम आवाजात उतरतो. बुजरे मूल हळू बोलते, अडखळते, शब्द अर्धवट गिळते. म्हणून त्यास भावनेचे नाव न विचारता त्या वेळी काय ऐकू आले, ते विचारावे.

अनुकरणवाचक अभ्यस्त शब्द आपण व्याकरणात शिकवितो व तेथेच सोडून देतो. ते मोठ्याने उच्चारून पाहावेत. 'पुटपुट' म्हणताना ओठ दोनदा मिटतात. 'कुजबुज' म्हणताना त्यांचा चंबू होतो. तोंड पुरते उघडतच नाही. उलट 'खडखडाट', 'कडकडाट' यांतील दीर्घ आकाराने तोंड मोकळे होते. वर्गाचा गलबला मोठ्या ध्वनीने व स्वतःचा आवाज लहान ध्वनीने दाखविला, की मुलाचा एकटेपणा न सांगता कळतो.

कुंभारीच्या परिसरात या विषयास आणखी एक बाजू आहे. २००६ साली येथे विडी कामगार भगिनींसाठी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. सोलापूरच्या या कष्टकरी कुटुंबांपैकी अनेकांच्या घरी तेलुगू वा कन्नड बोलली जाते. अशा मुलाचा अबोलपणा पुष्कळदा मराठी शब्द चुकेल या भीतीचा असतो. आपण त्यास मंदबुद्धी समजलो, तर त्याचे कायमचे नुकसान होते. कानडीत कुजबुजीला 'गुसुगुसु' म्हणतात, तेलुगूतही 'गुसगुस' आहे. असा शब्द पहिल्या खर्ड्यात आला तर त्यावर लाल रेघ ओढू नये. घरच्या भाषेचा आधार राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० यासही अभिप्रेत आहे.

पाठाचा क्रम असा ठेवावा :

१. दोन मिनिटे डोळे मिटून आवाज ऐकावेत. घरी आई विडीचे पान कापते, त्या कात्रीची कचकचही आठवावी.
२. ते आवाज सर्वांनी मिळून तोंडाने काढावेत. समूहात बुजरे मूलही तोंड उघडते.
३. मग 'माझे नाव पुकारले तेव्हा' यावर चार-पाच वाक्ये लिहावीत. ध्वनिवाचक शब्द दोन-तीनच असावेत; अधिक झाल्यास लेखन पोरकट होते.
४. मुलाच्या संमतीवाचून त्याचे लेखन वर्गात वाचू नये.

'मला लाज वाटली' एवढेच लिहिणाऱ्या एका मुलीने या पाठानंतर लिहिले : "बाईंनी नाव घेतले. छातीत धडधड झाली. मागे खुदुखुदु हसू. मी 'हजर' म्हणाले. माझे मलाच ऐकू आले नाही."

या शेवटच्या वाक्यात तिची सारी व्यथा आली आहे. वर्गात ज्याचा आवाज ऐकू येत नाही, त्याचा आवाज निदान वहीत तरी आपण ऐकावा, एवढीच विनंती.