रात्रभर सायकल आणि अर्धशक्ती व्यायाम

इंग्लंडमध्ये १९९३ पासून जुलैतील पौर्णिमेच्या जवळच्या शनिवारी 'डनविच डायनॅमो' ही सायकलफेरी निघत आली आहे. लंडनच्या हॅकनी भागातून सायंकाळी निघालेले स्वार सुमारे १८० किलोमीटर अंतर कापून सकाळी सफोकमधील डनविचच्या सागरतीरी पोहोचतात. ही स्पर्धा नव्हे. काहीजण मात्र ती 'फिक्स्ड गियर' सायकलवर करतात. तिचे चाक फिरते तोवर पॅडलही फिरतच राहते. उतारावरसुद्धा पायांस विसावा नाही. वेग आवरण्यासाठी पायांनीच विरोध केला, तर तो भार गुडघ्यांवर येतो.

शास्त्राने व्यायामास अर्धशक्तीची मर्यादा घातली आहे. रात्रिजागरण रूक्ष व वातवर्धक होय. येथे अतिव्यायाम व जागरण दोन्ही एकत्र येतात. मग संधिशूल उद्भवल्यास नवल ते काय?

असा हौशी स्वार गुडघ्यासाठी तेल मागण्यास औषधालयात आला, तर केवळ बाटली देऊन त्याची बोळवण करू नये. पूर्वतयारी क्रमाक्रमाने वाढवावी, नित्य अभ्यंग करावे, पुढचा ब्रेक सुस्थितीत असावा, हे आवर्जून सांगावे. जागरणानंतर सकाळी न जेवता, जागरणाच्या निम्मा काळ झोपावे, असे वाग्भटाचार्य सांगतात. किनाऱ्यावर पोहोचताच भरपेट न्याहारी करणाऱ्यास हे रुचणार नाही; तरीही सांगणे हे आपले कर्तव्यच आहे.