लॅपटॉप तापून बंद पडतोय? आधी जाळी बघा, मग चार्जर

पोराचा प्रवेशाचा फॉर्म अर्धा भरला अन् लॅपटॉप बंद! दुकानात नेला की बऱ्याचदा ‘मदरबोर्ड गेला’ हेच ऐकायला मिळतं. दरवेळी तसं नसतं. पैसे मोजण्याआधी तो नेमका कधी बंद पडतो ते बघा.

अर्धा-पाऊण तास चालून, पंख्याचा आवाज वाढून बंद पडत असेल तर कारण उष्णता. प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास गेला की जळू नये म्हणून मशीन आपोआप बंद होतं. आपल्याकडं धूळ, भुसा, कापसाचे तंतू पंख्याच्या जाळीत अडकतात. त्यात गादीवर ठेवला की खालून हवाच मिळत नाही. पाटावर ठेवा. बंद करून, चार्जर काढून मऊ ब्रशनं जाळी झाडा. पंक्चरवाल्याकडची हवा मात्र मारू नका, पंखा मोडतो. जुन्या मशीनमधली थर्मल पेस्ट वाळते, ती बदलणं कारागिराचंच काम.

थंड असतानाच बंद पडतोय? वायर हलवली की चार्जिंग जातं-येतं का बघा. तसं असेल तर वायर किंवा पिन खराब. मूळ चार्जर ६५ वॅटचा अन् शेजाऱ्याचा आणलेला ४५ चा, तर जड कामाला तो पुरत नाही. चार्जर काढताच बंद पडला तर बॅटरी गेली समजा.

टचपॅड वर उचललेलं किंवा बूड फुगलेलं दिसलं तर बॅटरी फुगली आहे. लगेच बंद करा, चार्जिंगला लावू नका. टोचून, दाबून बघू नका, आग लागू शकते. पोरांच्या हाती न देता थेट दुरुस्तीवाल्याकडं न्या.