लळा, धीर आणि संततिनियमन

भोकरदन, परतूर, मंठा, घनसावंगी या तालुक्यांतल्या मुली आज शिकायला जालन्यास आणि छत्रपती संभाजीनगरास जातात. संततिनियमनाची साधनं कोणती, हे त्यांनी पुस्तकात वाचलेलं असतं. मग लग्नानंतर एक जण नवऱ्याला म्हणते, "अहो, पहिलं मूल दोन वर्षांनी होऊ द्या," आणि तितकंच शिकलेली दुसरी तोंडातला शब्द गिळून टाकते. असं का व्हावं?

याचं थोडं उत्तर लहानपणच्या लळ्यात सापडतं. मुलाला आईचा लळा लागतो तो केवळ दुधासाठी नव्हे, आधारासाठी, असं जॉन बोल्बी या इंग्रज डॉक्टरांनी मांडलं. मेरी एन्सवर्थ या बाईंनी प्रथम युगांडातल्या खेड्यांत आणि पुढं अमेरिकेत मुलं न्याहाळली. आई क्षणभर दूर जाऊन परत आली, की एक मूल तिला बिलगतं, शांत होतं आणि पुन्हा खेळू लागतं. दुसरं घट्ट धरून बसतं, समजूत काढली तरी रडं थांबत नाही. तिसरं आईकडे बघतच नाही. १९८७ साली हझान आणि शेव्हर या अभ्यासकांनी हाच विचार मोठ्या माणसांच्या प्रेमाला लावून पाहिला.

आता बघा, पहिल्या तऱ्हेच्या मुलीला वाटतं, आपण बोललो तर समोरचा ऐकेल. दुसरीला वाटतं, हा रागावेल, मला टाकील; म्हणून निरोधाचा आग्रह धरणं तिला जड जातं. तिसरी असला विषयच टाळते. पण ही काही कपाळावरची रेघ नव्हे. भरवशाचं माणूस भेटलं की तऱ्हा बदलते. शिवाय सासूचा शब्द, हातातला पैसा आणि लग्नाचं वय यांचाही वाटा असतोच.

मनातला बेत तीन गोष्टींवर ठरतो: आपलं मत, घरच्यांचं मत आणि 'हे माझ्या हातात आहे' हा भरवसा. पुस्तकातून मिळतं ते बहुधा पहिलंच.

प्रा. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, तेव्हा माहितीच दुर्मिळ होती. आज सरकारी दवाखान्यात निरोध, तांबी, तीन महिन्यांनी घ्यायचं 'अंतरा' इंजेक्शन आणि 'छाया' गोळी फुकट मिळते. छाया पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदाच घ्यायची. कोणतं साधन मानवेल, ते डॉक्टरांना किंवा नर्सबाईंना विचारून ठरवावं; आशाताईही वाट दाखवतात.

तेव्हा गुरुजी आणि बाई, साधनांची नावं पाठ करून घेऊन थांबू नका. नवऱ्याशी, सासूशी कसं बोलावं, याचा सराव वर्गात करून घ्या. मुलांनाही ऐकायला शिकवा. आणि आईबापांनो, लेक काही विचारायला आली तर तिला दटावू नका. घरात तिचा शब्द ऐकला गेला, तरच सासरी तो तिच्या तोंडून निघेल.