लोकल बोर्डाचा जिल्हा आणि आपली गावे

निपाणी भागातील वयस्क मंडळींना शाळा कोणती म्हणून विचारावे, तर अजूनही उत्तर मिळते, "लोकल बोर्डाची." हे बोर्ड जाऊन साठ वर्षांवर काळ लोटला. तरुण वाचकांस ते काय होते हे ठाऊक असण्याचे कारण नाही. म्हणून चिटणीसांच्या आग्रहावरून चार गोष्टी येथे देत आहे.

मूळ कथा एका आण्याची आहे. मुंबई इलाख्यात १८६३ च्या सुमारास शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा जादा घेण्यास आरंभ झाला आणि १८६९ च्या कायद्याने त्यास पक्का आधार मिळाला. आणा म्हणजे रुपयाचा सोळावा भाग, शेकडा सव्वासहा. सरकारी नाव 'लोकल फंड'. या पैशाचे दोन भाग रस्त्यांकडे व एक भाग शाळांकडे, अशी वाटणी होती. म्हणजे सौंदलग्याच्या किंवा अक्कोळच्या शेतकऱ्याने सारा भरला की त्याच्याच पैशातून कोठे तरी मैलभर खडी पडे आणि कोठे तरी मास्तरांचा पगार निघे. शाळा सरकारने दिली असे आपण सहज म्हणतो. ते पुरते खरे नव्हे.

लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानंतर १८८४ चा लोकल बोर्ड कायदा आला. जिल्ह्यास एक बोर्ड आणि त्याखाली तालुक्यांची बोर्डे. बेळगाव जिल्ह्यात त्या वेळी सात तालुके होते : अथणी, चिकोडी, गोकाक, बेळगाव, संपगाव, परसगड आणि खानापूर. निपाणी चिकोडी तालुक्यात. काही सभासद निवडलेले, काही सरकारने नेमलेले. कलेक्टरसाहेब अध्यक्ष असत तेव्हा सभेत कोण किती बोलत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी! पुढे १९२३ च्या कायद्याने निवडलेल्या सभासदांचे बळ वाढले, आणि त्याच वर्षीच्या प्राथमिक शिक्षणाच्या कायद्याने शाळांचा कारभार बोर्डांकडे येण्याची सोय झाली. १९३८ च्या दुरुस्तीने तालुका बोर्डे बंद झाली. आमच्या मते ती चूक होती. चिकोडीचे गाऱ्हाणे ऐकायला बेळगाव लांब पडते.

आता एक मौज पाहा. बोर्डाचा जिल्हा नकाशावर दिसतो तसा सलग नव्हता. बेळगाव शहरास लागून असलेले शहापूर सांगली संस्थानचे, रायबाग कोल्हापूरचे, आणि निपाणीहून उत्तरेस निघालात की थोड्याच अंतरावर कागलची जहागीर. तेथे हे बोर्ड नाही, त्याचा आणाही नाही. एकाच रस्त्यावर हद्द बदलली की कारभार बदले. १९४८-४९ मध्ये संस्थाने विलीन झाली तेव्हा हा गुंता सुटला, आणि लवकरच दुसरा पडला.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. चंदगड मुंबई राज्यात राहून कोल्हापूर जिल्ह्यास जोडला गेला. या बोर्डाने कानडी शाळा चालवल्या आणि मराठीही चालवल्या. रस्ता बांधताना गावची भाषा विचारण्याचे कारण नव्हते. पुढे सीमावादात मात्र 'खेडे हा घटक' हेच मागणीचे मुख्य सूत्र झाले. एकाच फंडात पैसे भरणारी शेजारची गावे दोन निरनिराळ्या याद्यांत गेली. हा वाद २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याविषयी येथे अधिक लिहीत नाही.

बोर्डाचा शेवट म्हैसूर राज्याच्या १९५९ च्या कायद्याने झाला. ग्रामपंचायती आल्या, तालुका बोर्डे पुन्हा आली, आणि जिल्ह्याच्या जागी विकास परिषद बसली. पण तिचे काम मुख्यतः सल्ला देण्याचे व देखरेखीचे. गंमत अशी की पलीकडे कागल-चंदगडात १९६२ पासून नेमके उलट घडले : जिल्हा परिषद हीच बलवान झाली. वेदगंगेच्या खोऱ्यातल्या सोयऱ्याधायऱ्यांनी रस्त्याच्या अर्जासाठी एकाने तालुक्यास जावे, दुसऱ्याने जिल्ह्यास! कर्नाटकात अधिकारांची जिल्हा परिषद १९८३ च्या कायद्याने आली, तिची निवडणूक १९८७ मध्ये झाली; हल्लीची रचना १९९३ च्या कायद्याची. निपाणी स्वतंत्र तालुका म्हणून चालू लागला तो २०१८ पासून.

हे सारे आज सांगण्यास एक निकडीचे कारण आहे. बोर्डाच्या शाळांची जनरल रजिस्टरे अनेक गावांत अजून कपाटात आहेत. त्यांत मुलाचे नाव, वडिलांचे नाव, जात, जन्मतारीख, गाव हे सर्व असते. आमच्या एका नातलगास आजोबांचा दाखला हवा होता. शाळेत रजिस्टर सापडले. परंतु पाने वाळवीने खाल्लेली, आणि हवे ते पान त्यातच गेलेले. मराठी वाचणारे गुरुजी होते म्हणून शेजारच्या पानावरून धाकट्या भावाची नोंद तरी लागली. जुन्या गावकागदांतील मोडी वाचणारा तर पाच गावांत एखादाच.

आपल्या ट्रस्टकडे वसतिगृहातील मुले आहेत, सुट्टीत मोकळ्या असलेल्या दोन खोल्या आहेत. शाळांच्या परवानगीने या रजिस्टरांची छायाचित्रे घेऊन ठेवण्याचे काम येत्या उन्हाळ्यात भोज, कारदगा, बेनाडी येथून सुरू करता येईल. ज्यांच्या गावच्या शाळेत असे कपाट आहे त्यांनी कार्यालयात कळवावे. पावसाळ्यापूर्वी कळवल्यास बरे.